पालथे पात्र आणि नगराचे अनुदान : मायामी बीचच्या कृष्णवर्णीय चित्रपट-महोत्सवाच्या निमित्ताने

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वैशालीच्या वड्ढ नावाच्या लिच्छवीची कथा आली आहे. हा वड्ढ संघाचा दाता होता. काही असंतुष्ट भिक्खूंच्या चिथावणीवरून त्याने दब्ब मल्लपुत्त या सत्शील भिक्खूवर एक गंभीर आरोप केला. चौकशीअंती तो आरोप खोटा ठरला. तेव्हा भगवान बुद्धांनी संघाला त्याच्याविरुद्ध ‘पत्तनिक्कुज्जन’, म्हणजे भिक्षापात्र पालथे करण्याचे कर्म करण्याची अनुज्ञा दिली. याचा अर्थ असा की, संघाने या माणसाकडून दान घ्यावयाचे नाही. ही वार्ता आनंदाने वड्ढाला सांगितली, तेव्हा तो जागच्या जागी मूर्च्छित होऊन पडला. नंतर ओल्या वस्त्रांनिशी, ओल्या केसांनिशी तो आपल्या आप्तमित्रांसह भगवंतांकडे गेला आणि त्याने आपला अपराध कबूल केला. त्यानंतरच संघाने पात्र पुन्हा उताणे केले.

या कथेकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. दानपारमितेवर आपण पुष्कळ लिहितो. परंतु दान नाकारण्याचाही एक विनय असतो, हे क्वचितच सांगतो. पात्र पालथे करण्याची आठ कारणे विनयात दिली आहेत. जो भिक्खूंच्या अलाभासाठी, अहितासाठी किंवा त्यांचा निवास मोडावा म्हणून खटपट करतो, त्यांची निंदानालस्ती करतो, भिक्खूंमध्ये आपसांत फूट पाडतो, बुद्ध, धम्म व संघ यांविषयी अवर्ण बोलतो, त्याचे दान स्वीकारू नये, असा त्यांचा आशय आहे. या आठांत दान थोडे दिले, उशिरा दिले किंवा दिलेच नाही, असे एकही कारण नाही. दात्याची श्रीमंती वा कंजूषपणा हा प्रश्नच तेथे नाही. घेणाऱ्याचा सन्मान आणि त्याचे ऐक्य हाच प्रश्न आहे. शिवाय हे कर्म कोणा एका भिक्खूने रुसून करावयाचे नसून संपूर्ण संघाने रीतसर ठराव मांडून करावयाचे आहे.

आज शहरे, नगरपालिका आणि शासने कलावंतांची व वंचित समाजांच्या उत्सवांची दाती झाली आहेत. या नव्या दानाची परीक्षा कोणत्या कसोटीने करावी? प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एका नगराचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ते नगर म्हणजे फ्लॉरिडा राज्यातील मायामी बीच आणि तो उत्सव म्हणजे तेथे भरणारा ‘अमेरिकन ब्लॅक फिल्म फेस्टिव्हल’.

१. वाळूवरचे नगर

हा महोत्सव १९९७ साली मेक्सिकोतील आकापुल्को येथे सुरू झाला. जेफ फ्रायडे, बायरन लुईस आणि वॉरिंग्टन हडलिन हे त्याचे संस्थापक. २००२ साली तो मायामी बीचला आला आणि त्याला आजचे नाव मिळाले. मध्यंतरी काही वर्षे तो लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क येथे भरला आणि पुन्हा याच किनाऱ्यावर परतला. कृष्णवर्णीय दिग्दर्शक, लेखक व नट यांच्या कृती येथे दाखविल्या जातात, स्पर्धा होतात, नवोदितांना व्यवसायातील जाणत्यांची गाठ घेता येते. दूरचित्रवाणीच्या व चित्रपटाच्या मोठ्या कंपन्या त्याच्या पुरस्कर्त्या आहेत आणि त्यांच्याबरोबर मायामी बीच शहर व तेथील पर्यटन-मंडळ हेही आहेत. हॉटेलच्या खोल्यांवर आणि उपाहारगृहांतील खाण्यापिण्यावर हे नगर एक विशेष कर घेते व पर्यटनाच्या उत्तेजनार्थ तो खर्च करते. पाहुणे यावेत, खोल्या भराव्यात, नगराचे नाव व्हावे, हा या अर्थकारणाचा उघड हेतू आहे. त्यात लपविण्यासारखे काही नाही आणि निंद्यही काही नाही.

परंतु या किनाऱ्याचा पूर्वेतिहास माहीत असल्याखेरीज या अनुदानाचा अर्थ कळावयाचा नाही. १९१५ साली स्थापन झालेले हे नगर दीर्घकाळ केवळ गोऱ्यांचे होते. कृष्णवर्णीय मजुरांनी त्याची बांधणी केली, त्याच्या हॉटेलांतील खोल्या झाडल्या, भांडी घासली. परंतु त्यांना तेथे वस्ती करता येत नसे, समुद्रात उतरता येत नसे. पोलिसांकडून मिळालेले ओळखपत्र जवळ बाळगावे लागे आणि काम संपल्यावर रात्री खाडी ओलांडून मायामी शहरातील आपल्या वस्तीत परतावे लागे. गावकुसाबाहेरच्या वस्तीची आठवण व्हावी, अशीच ही व्यवस्था होती. कृष्णवर्णीयांना स्वतःचा म्हणून अधिकृत किनारा मिळाला तो १९४५ साली, व्हर्जिनिया की या बेटावर. आणि तोही आधी निषिद्ध किनाऱ्यावर पाण्यात उतरून सत्याग्रह केल्यानंतर. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा संग्राम ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना या घटनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

कलावंतांची स्थिती तर अधिकच विपरीत होती. एला फिट्झजेरल्ड, नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्यासारखे थोर कलावंत मायामी बीचच्या रंगमंचांवर गात. श्रोते टाळ्यांचा कडकडाट करीत. आणि कार्यक्रम संपताच त्या कलावंतांना झोपण्यासाठी ओव्हरटाऊन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील हॉटेलांत जावे लागे. कला हवी होती, कलावंत नको होता. पुढे १९६० च्या दशकात याच ओव्हरटाऊनच्या छातीवरून महामार्ग नेण्यात आला आणि ती गजबजलेली वस्ती उद्ध्वस्त झाली.

या काळातील एक घटना मात्र सुवर्णाक्षरांनी नोंदविण्याजोगी आहे. १९५१ साली जोसेफिन बेकर या विख्यात नर्तकी-गायिकेला मायामी बीचच्या ‘कोपा सिटी’ या क्लबाने आमंत्रण दिले. प्रेक्षागारात वर्णभेद असेल तर आपण रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही, अशी अट तिने घातली आणि मालकाला ती मान्य करावी लागली. हे एका कलावंताने पालथे केलेले पात्र होते. त्या क्लबापुरते दार उघडले, परंतु नगर बदलले नाही. पात्र पालथे करण्याचे कर्म विनयाने एकट्याच्या हाती न देता संघाच्या हाती का दिले, याचे उत्तर या घटनेत मिळते.

२. एक हजार दिवस

जून १९९० मध्ये नेल्सन मंडेला अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. सत्तावीस वर्षांच्या कारावासातून ते त्याच वर्षी मुक्त झाले होते. मायामी बीचच्या सभागृहात एका कामगार संघटनेच्या अधिवेशनापुढे त्यांचे भाषण व्हावयाचे होते. तत्पूर्वी न्यूयॉर्क येथील एका दूरचित्रवाणी-मुलाखतीत, आपल्या लढ्याला साह्य करणाऱ्या कॅस्ट्रो, अराफात व गडाफी यांच्याविषयीची कृतज्ञता सोडण्यास त्यांनी नकार दिला होता. त्यामुळे मायामी परिसरातील राजकीय पुढारी क्षुब्ध झाले आणि सर्व जगाने ज्याला डोक्यावर घेतले, त्याचे अधिकृत स्वागत करण्याचे तेथील शासनांनी टाळले.

कृष्णवर्णीय समाजाने याला जे उत्तर दिले, ते अहिंसक आंदोलनाच्या इतिहासात अभ्यासण्यासारखे आहे. एच. टी. स्मिथ या वकिलाच्या पुढाकाराने मायामी परिसराच्या पर्यटनावर बहिष्कार पुकारण्यात आला. देशभरातील संघटनांना त्यांनी एवढेच सांगितले की, तुमची अधिवेशने येथे भरवू नका. त्याला ‘शांत दंगल’ असे नाव पडले. या भागाने १९८० च्या दशकात खऱ्या दंगली पाहिल्या होत्या, त्यात माणसे मेली होती, आपल्याच वस्त्या जळाल्या होत्या. या वेळी एकही काच फुटली नाही. केवळ पाहुणे आले नाहीत. अधिवेशने रद्द होत गेली आणि नगरांचे लक्षावधी डॉलरांचे उत्पन्न बुडाले. सुमारे एक हजार दिवस हा बहिष्कार चालला आणि मे १९९३ मध्ये समेट झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना हॉटेल-व्यवसायाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या, व्यवसायात वाटा आणि मायामी बीचवर कृष्णवर्णीय मालकीचे एक मोठे हॉटेल उभे राहावे यासाठी नगराचे साह्य, अशा गोष्टी त्यातून निघाल्या. ते ‘रॉयल पाम’ हॉटेल २००२ साली उघडले. ज्या किनाऱ्यावर रात्री थांबण्याची मुभा नव्हती, तेथे पाहुण्यांना खोली देणारा यजमान आता कृष्णवर्णीय होता.

याच २००२ साली हा चित्रपट-महोत्सव मायामी बीचला आला. महोत्सव हे त्या कराराचे कलम होते, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु कृष्णवर्णीय पाहुण्यांना सन्मानाने बोलवावे लागते, तो आपला उपकार नसून आपली गरज आहे, हा धडा ज्या नगराने हजार दिवसांत गिरविला होता, त्याच नगरात हा महोत्सव उतरला, हे विसरता येणार नाही. वड्ढाच्या घरी संघाने पुन्हा भिक्षा घेतली, तेव्हा त्या भिक्षेची किंमत पूर्वीची राहिली नव्हती. नगराच्या अनुदानाकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. ते कृष्णवर्णीयांच्या झोळीत टाकलेले दान नाही; त्यांच्या संघटित नकाराने त्याला अर्थ आणला आहे.

तथापि एक उणीव येथेच नोंदविली पाहिजे. वड्ढाने अपराध कबूल केला आणि मग पात्र उताणे झाले. नगरांच्या व्यवहारात समेट आधी होतो, हिशेब लगेच होतो, कबुली मात्र अर्धवट राहते. ‘रॉयल पाम’ हॉटेलही उघडल्यानंतर काही वर्षांतच विकले गेले. ज्या फळासाठी एक समाज हजार दिवस थांबला, ते त्याच्या हाती फार काळ राहिले नाही. बाजारात मिळालेला हक्क बाजारातच जाऊ शकतो.

३. उत्सव चालतो, स्मारक चालत नाही

आता या दानाच्या खऱ्या परीक्षेकडे वळू. २०११ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, ‘मेमोरिअल डे’च्या सुट्टीत मायामी बीचवर कृष्णवर्णीय तरुणांची मोठी गर्दी जमली असता, पोलिसांनी एका मोटारीवर ११६ गोळ्या झाडल्या. चालविणारा बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण ठार झाला. आजूबाजूचे काहीजण जखमी झाले. कोणाही पोलिसावर खटला झाला नाही.

२०१९ साली त्याच सुट्टीच्या निमित्ताने नगराने स्वतःच्या खर्चाने एक कलाप्रदर्शन योजिले. सर्वसमावेशकता, पाळत, प्रचार अशा विषयांवर संवाद घडावा, असा त्याचा घोषित हेतू होता. त्यात एका चित्रकाराने त्या मृत तरुणाचे व्यक्तिचित्र स्मारक म्हणून मांडले. पोलिसांकडून आक्षेप आला आणि नगराच्या प्रशासनाने ते चित्र काढावयास लावले. संयोजक व चित्रकार न्यायालयात गेले. २०२३ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, नगराने पैसे देऊन योजिलेले प्रदर्शन म्हणजे नगराचेच बोलणे. आणि आपण काय बोलावे, काय बोलू नये, हे ठरविण्याचा नगराला अधिकार आहे.

या निर्णयाचे कायदेशीर परीक्षण हा आमचा अधिकार नव्हे. परंतु दानविचाराच्या दृष्टीने त्यातून निघणारा सिद्धान्त फार दूरगामी आहे. ज्याचे दान, त्याचीच वाणी! जेतवन अनाथपिंडिकाने दिले, म्हणून तेथील देशना अनाथपिंडिकाची ठरली नाही. तथागतांनी श्रेष्ठींना, राजांना आणि आम्रपालीसारख्या गणिकेला दान देण्याची संधी दिली. देशनेचा विषय ठरविण्याची संधी कोणालाही दिली नाही. दान आणि देशना यांच्यामधील ही भिंत ज्या दिवशी पडते, त्या दिवशी भिक्खू हा दात्याचा भाट होतो.

येथे न्यायाने एक भेद केला पाहिजे. चित्रपट-महोत्सव नगराने काढलेला नाही. तो स्वतंत्र संस्थेचा आहे आणि नगर अनेक पुरस्कर्त्यांपैकी एक आहे. त्यामुळे त्याची वाणी नगराची वाणी ठरत नाही. या महोत्सवाने धारदार कलावंतांना बळ दिले आहे, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. रायन कूग्लर या दिग्दर्शकाच्या ‘फिग’ या लघुपटाला येथील स्पर्धेत पारितोषिक मिळाले. पुढे २०१३ साली त्याने ‘फ्रूटव्हेल स्टेशन’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. ओकलंड येथील रेल्वे-स्थानकावर १ जानेवारी २००९ रोजी पोलिसाच्या गोळीने मेलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा अखेरचा दिवस हा त्याचा विषय. त्या चित्रपटात आक्रोश फार थोडा आहे. मासळी विकत घेणारा, मुलीला शाळेत पोचविणारा, आईच्या वाढदिवसाची तयारी करणारा एक साधा तरुण त्यात दिसतो. आणि म्हणूनच शेवटची गोळी प्रेक्षकाच्या छातीत बसते. प्रेताला पुन्हा माणूसपण देणे, हे त्या चित्रपटाचे कार्य आहे. मायामी बीचच्या त्या चित्रकाराने चौकटीत तेच केले होते.

मग भेद कोठे पडला? आमच्या मते तो असा. ओकलंडच्या पोलिसाची गोळी पडद्यावर पाहणे मायामी बीचला जड जात नाही. परंतु आपल्याच रस्त्यावर सुटलेल्या गोळ्यांची आठवण आपल्याच भिंतीवर टांगणे त्याला सोसत नाही. दुसऱ्या गावचे दुःख उत्सवात सामावते, स्वतःच्या गावचे दुःख आरोप वाटते. नगराला ‘गौरव’ हवा असतो. साक्ष नको असते. कृष्णवर्णीय कलावंतांचा गौरव करणारा महोत्सव आणि कृष्णवर्णीय मृताचे स्मारक ही एकाच समाजाची दोन मुखे आहेत. त्यांतील एकाला अनुदान आणि दुसऱ्याला हद्दपारी मिळत असेल, तर त्या अनुदानाकडे अधिक बारकाईने पाहणे भाग आहे.

याच नगराविषयी आणखी एका चित्रपटाचा उल्लेख येथे आवश्यक वाटतो. २५ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री मायामी बीचच्या सभागृहात कॅशियस क्ले या बावीस वर्षांच्या मुष्टियोद्ध्याने सनी लिस्टनला हरवून जगज्जेतेपद मिळविले; आणि मग तो विजय साजरा करण्यासाठी खाडीपलीकडे, कृष्णवर्णीयांच्या ‘हॅम्प्टन हाऊस’ या मोटेलात गेला. तेथे त्याच्यासोबत माल्कम एक्स होते. केम्प पॉवर्स यांच्या नाटकावरून रेजिना किंग यांनी २०२० साली ‘वन नाइट इन मायामी’ हा चित्रपट काढला. माल्कम एक्स, क्ले, गायक सॅम कुक आणि फुटबॉलपटू जिम ब्राऊन या चौघांचा खोलीतला वाद हाच त्याचा गाभा. गोऱ्या श्रोत्यांना रिझवून मिळविलेले धन हे मुक्तीचे साधन की मुक्तीचा विसर, हा त्या वादाचा विषय आहे. दिग्दर्शिकेने सॅम कुकची बाजू दुबळी केली नाही, हा तिचा मोठा गुण. स्वतःच्या गीतांचे हक्क स्वतःकडे राखणारा कलावंतही एका अर्थाने स्वतंत्र असतो, हे त्यात मान्य केले आहे. उणीव सांगावयाची तर अशी की, वाद खोलीत इतका रंगतो की खोली खाडीच्या या बाजूला का आहे, याचा प्रेक्षकाला मधूनमधून विसर पडतो. तथापि नगराच्या अनुदानावर चित्रपट दाखविणाऱ्या प्रत्येक कलावंताने त्या खोलीत पाचवी खुर्ची टाकून बसावे, इतका तो प्रश्न आजचा आहे.

४. अक्षयनीवी

दानविचाराचा एक आदर्श दाखला महाराष्ट्राच्याच कातळात कोरलेला आहे. नाशिकच्या लेणे क्रमांक १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेणे तर दिलेच. शिवाय तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण या दराने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. हिशेब करून पाहावा : दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस भिक्खूंचे प्रत्येकी बाराप्रमाणे दोनशे चाळीसच. एक कार्षापणही इकडेतिकडे नाही. आणि हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगरसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे नोंदविलेले आहे.

या लेखात तीन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. पहिली, दान एकदा दिल्यावर ते दात्याच्या दरसालच्या लहरीवर राहत नाही. दुसरी, ते दात्याच्या तिजोरीत न राहता श्रमिकांच्या श्रेणीकडे राहते. तिसरी, नगरसभा येथे साक्षी आहे, मालक नाही. वर्षावासात भिक्खूंनी काय शिकवावे, याविषयी त्या लेखात अवाक्षर नाही.

आजचे अनुदान नेमके याच्या उलट असते. ते दरसाल मागावे लागते, दरसाल मंजूर व्हावे लागते आणि म्हणून दरसाल जिभेवर लगाम ठेवते. जून २०२४ मध्ये फ्लॉरिडाच्या राज्यपालांनी विधिमंडळाने मंजूर केलेली कला-संस्थांची सुमारे तीन कोटी वीस लक्ष डॉलरांची अनुदाने एका फटकाऱ्यासरशी रद्द केली. मार्च २०२५ मध्ये तर मायामी बीचच्याच महापौरांनी, पॅलेस्टिनी गावांच्या विध्वंसावरील ‘नो अदर लँड’ हा ऑस्कर-विजेता अनुबोधपट दाखविला म्हणून नगराच्या जुन्या सभागृहाच्या इमारतीत असलेल्या एका स्वतंत्र चित्रपटगृहाचा भाडेकरार मोडण्याचा व अनुदान थांबविण्याचा प्रस्ताव आणला. भिक्खूंचा निवास मोडण्याची खटपट हे पात्र पालथे करण्याच्या आठ कारणांपैकी एक आहे, याची येथे आठवण व्हावी. त्या प्रस्तावाविरुद्ध नागरिक व कलावंत मोठ्या संख्येने उभे राहिले आणि तो मागे घ्यावा लागला. प्रसंग चित्रपटगृहाचा असला, तरी धडा प्रत्येक अनुदानित महोत्सवाला आहे.

न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथे दुसरी एक वाट दिसते. १९६७ च्या उद्रेकात ते नगर होरपळले. १९७० साली तेथे केनेथ गिब्सन हे कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. आणि १९७४ पासून तेथील वस्तुसंग्रहालयाच्या आश्रयाने कृष्णवर्णीय चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला. तेथे समुद्र नाही, चकचकाट नाही. नगरातील माणसे विनामूल्य येत, चित्रपट पाहत आणि नंतर चर्चा करीत. हा पाहुण्यांसाठी भरविलेला उत्सव नव्हे. तो रहिवाशांचा स्वाध्याय होता. एका स्थायी संस्थेच्या पोटात तो वाढला, म्हणून दीर्घायुषी झाला. अक्षयनीवीच्या जवळ जाणारे काही असेल, तर ते असे.

५. दाता की विश्वस्त?

या विवेचनावर दोन बाजूंनी आक्षेप येऊ शकतात. पहिला : ज्याचे मीठ खावे, त्याच्याविरुद्ध बोलू नये. हा आक्षेप सरंजामी आहे. नगर हा दाता नाहीच. मायामी बीचच्या तिजोरीतील कर हॉटेलात उतरणारा कृष्णवर्णीय पाहुणाही भरतो आणि त्या हॉटेलच्या चादरी बदलणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या श्रमावर तो उभा असतो. उषवदाताने दिले ते तरी आपल्या अधिकारातील द्रव्य म्हणून दिले. नगर देते ते नागरिकांचेच द्रव्य. ‘अनुदान’ या आपल्या शब्दात ‘दान’ दडलेले आहे आणि त्यामुळे देणाऱ्याला चढेलपणा व घेणाऱ्याला मिंधेपणा येतो. खरे पाहता नगर हा विश्वस्त आहे आणि अनुदान हा हक्काचा वाटा आहे.

दुसरा आक्षेप कडव्या बाणेदारपणाचा : मग असले पैसे घ्यावेतच कशाला? याला उत्तर असे की, संघाने दान घेण्याचे कधीच सोडले नाही. चर्या म्हणून नकार आणि कर्म म्हणून नकार यांत अंतर आहे. जो कधीच घेत नाही, त्याच्या नकाराला वजन नसते. जो घेतो आणि प्रसंगी सर्वांसह नाकारतो, त्याचाच नकार दात्याला जागा करतो. मे २०२३ मध्ये फ्लॉरिडा राज्याच्या धोरणांविरुद्ध कृष्णवर्णीयांच्या ‘एनएएसीपी’ या जुन्या संघटनेने प्रवासी-इशारा प्रसिद्ध केला आणि पुढच्याच महिन्यात महोत्सव मायामी बीचवर भरला. यात विसंगती आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तीत एक जिवंत ताण दिसतो. पात्र हातात आहे, ते उताणे आहे. परंतु ते पालथे होऊ शकते, याचे स्मरण यजमानाला देण्यात आले आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, ते हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या उशाशीच. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या अर्जाविषयी माहिती मागविली आणि द्यु बॉइस यांनी त्याला आस्थेने उत्तर दिले. १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव घेतले, तेही त्याच नात्याने. म्हणून त्या समाजाच्या अनुभवाकडे आपण परक्याच्या कुतूहलाने पाहू नये. आपल्याही जयंत्यांना, महोत्सवांना, स्मारकांना, नाट्य-चित्रपट-संमेलनांना आज नगरपालिका व शासने साह्य करतात. फलकांवर पुढाऱ्यांच्या तसबिरी लागतात. ते साह्य घ्यावे. तो आपला वाटा आहे. मात्र त्या मंडपात जयजयकाराबरोबर आपल्या मृतांची नावेही घेता येतात की नाही, आपल्या वस्तीवर झालेल्या अत्याचाराचे चित्र तेथे टांगता येते की नाही, हे दर वर्षी तपासून पाहावे. टांगता येत असेल, तर ते अनुदान. येत नसेल, तर ती केवळ भाड्याची शोभा.

मायामी बीचचा महोत्सव पुष्कळ दृष्टींनी अभिनंदनीय आहे. ज्या वाळूवर कृष्णवर्णीयांना पाऊल ठेवता येत नव्हते, तेथे ते आज यजमानासारखे वावरतात, हे लहान यश नव्हे. परंतु भिंतीवरून उतरविलेले ते एक चित्र जोवर नगराच्या स्मृतीत परत लागत नाही, तोवर या दानाचा हिशेब पुरा झाला असे म्हणता येणार नाही. वड्ढ लिच्छवीच्या ओल्या केसांची आठवण नगरांनी ठेवावी. आणि पात्राला दोन बाजू असतात, याची आठवण ते हातात घेणाऱ्यांनी ठेवावी.